स्टर्न ड्राइव्हचा रबरी बूट चिरला, ठिगळ चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दच्या फुगवट्यावर पर्यटकांना फिरवायला चार पोरांनी मिळून मुंबईकडची एक जुनी फायबरची बोट घेतली. आत पेट्रोल इंजिन, मागे मर्क्रूझर कंपनीचा अल्फा वन ड्राइव्ह, म्हणजे पंखा (प्रोपेलर) फिरवणारा बाहेरचा पाय. उन्हाळाभर बोट काठावर उघड्यावर उभी होती. पावसाळ्यानंतर पाण्यात उतरवली तर रोज सकाळी तळात बादलीभर पाणी, आणि ड्राइव्हमधलं तेल दूध घातलेल्या चहासारखं. मागचा रबरी बूट, म्हणजे ड्राइव्हच्या सांध्यावरचा घड्यांचा भाता, घड्यांमध्ये चिरलेला दिसतो. मिस्त्री म्हणतो, "काहून बदलवता? सोल्युशन लावून ट्यूबचा तुकडा चिकटवून देतो, वरून सिलिकॉन भरतो, दिवाळीचा सीझन निघून जाईल."

नाही निघणार भाऊ. बोट आजच पाण्याबाहेर काढा, बाकीचं वाचन नंतर.

मी मूळचा वैनगंगाकाठचाच. बरीच वर्षं मुंबईत बोटींच्या इंजिनांवर काम केलं, आता गावाकडे ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करतो, आणि विदर्भातल्या तलावांवर कुठे बोट अडली की मला बोलावणं येतं. ठिगळ का टिकत नाही हे आधी सांगतो, म्हणजे मिस्त्रीशी वाद घालायला तुमच्या हाती काहीतरी राहील.

सायकलच्या ट्यूबला पंक्चरचं ठिगळ टिकतं, कारण आतून हवा त्याला दाबते आणि बाहेरून टायर धरून ठेवतो. बोटीच्या बुटाला असा कुणाचाच आधार नाही. तुम्ही स्टीअरिंग फिरवलं की बूट एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला ताणतो. ट्रिमचं बटण दाबून ड्राइव्ह वर घेतला की खालच्या घड्या उघडतात. बूट हा हार्मोनियमच्या भात्यासारखाच असतो. त्यातली एक घडी ठिगळाने ताठ केली की तिच्या वाटची हालचाल शेजारच्या घडीवर येते आणि तीही चिरते. सिलिकॉनचं तर नावच काढू नका. जुन्या, तेलकट रबरावर ते धरत नाही. वरून फक्त झाकलं जातं, आणि आत किती फाटलंय ते दिसेनासं होतं. तुम्हाला ठिगळ दिसतं म्हणून तुम्ही निर्धास्त झोपता, तेवढ्यात पाणी आपलं काम करून जातं.

आता हा बूट फुटला तर एवढं काय होतं? स्टर्न ड्राइव्हची कल्पना व्होल्वो पेंटाने १९५९ साली अ‍ॅक्वामॅटिक नावाने बाजारात आणली: इंजिन कारसारखं आत, आणि पाय मागे टांगलेल्या आउटबोर्ड मोटरसारखा बाहेर, वळणारा आणि वर उचलता येणारा. सोय मोठी, पण तिच्यासाठी बोटीच्या मागच्या फळीला मोठं भोक पाडावं लागतं, आणि ते पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खालीच येतं. त्या भोकातून फिरता शाफ्ट जातो. त्याला वळता यावं म्हणून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवर असतो तसाच क्रॉस. या सगळ्याला पाण्यापासून वेगळं ठेवतो तो रबराचा एक भाता. तुमची बोट आणि वैनगंगा यांच्यामध्ये बाकी काहीच नाही.

अल्फावर असे बूट तीन. सर्वात मोठा हा यूजे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटवरचा बूट. त्याखाली एक्झॉस्टचा. तो फाटला तर आवाज वाढतो, पण बोट सहसा बुडत नाही, कारण तो पाइप तसाही पाण्यातच उघडतो. तिसरा गिअरच्या केबलवरचा, अंगठ्याएवढा बारीक. लोक याच्याकडे बघतच नाहीत, आणि मी पाहिलेली एक बोट याच्यामुळेच बुडाली. एका तलावावर रात्री जेट्टीला बांधलेली बोट सकाळी फक्त नाकाने वर होती. यूजे बूट नवा कोरा, पण केबलच्या बुटाला बोटाच्या पेराएवढी चीर. म्हणून बदलताना एकटा मोठा बूट मागवू नका, तिन्ही बूट, क्लिपा आणि गॅस्केटसह पूर्ण किट मागवा. ड्राइव्ह काढण्याची मेहनत तीच आहे.

माझ्या मते मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. तुमची बोट उन्हाळ्यात चाललीच नाही, मग बूट का फाटला, असं तुम्ही विचारलंय. चालली नाही म्हणूनच फाटला. रबर पाण्यात फारसं मरत नाही, आपल्याकडे ते उन्हात मरतं. मे महिन्यात भंडारा, चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्यात हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या पृष्ठभागावर बारीक चिरा पाडतो, आणि त्या नेमक्या घडीच्या बाहेरच्या कडेला पडतात, कारण ताण तिथे असतो. तुम्ही काठावर चिखल लागू नये म्हणून ड्राइव्ह वर उचलून ठेवला होता. बूट दोन-तीन महिने ताणलेल्या अवस्थेत उन्हात राहिला. नव्या बुटाचीही यातून सुटका नसती झाली.

म्हणून मुंबईवाल्यांचा 'इतके तास चालली की तपासा' हा हिशोब आपल्याकडे अपुरा पडतो. इथे बोट चालते थोडी आणि उभी राहते जास्त. मी तास मोजत नाही, उन्हाळे मोजतो. सावलीत ठेवलेल्या बोटीचे बूट तीन उन्हाळ्यांनी बदलवतो, उघड्यावरच्या बोटीचे दोन उन्हाळ्यांनी, मग ते वरून कितीही चांगले दिसोत. ठेवताना ड्राइव्ह पूर्ण खाली सोडायचा, म्हणजे घड्या मिटलेल्या राहतात. त्यासाठी बोटीखाली ठोकळे देऊन तिला उंच घ्यावं लागलं तर घ्या. वरून बारदाना किंवा जुनं सुती धोतर सैल टाका. प्लॅस्टिकची पाल घट्ट गुंडाळलीत तर आत भट्टी होते. आणि धानाच्या कोठाराशेजारी बोट ठेवू नका. उंदीर आणि घूस बूट कुरतडतात. तोंडाला काय चव लागते ते त्यांनाच ठाऊक.

तुमच्याकडे दोन तक्रारी आहेत, आणि त्या एकच आहेत असं धरू नका. तळातलं पाणी हा बुटांचा प्रश्न, चहासारखं तेल हा ऑइल सीलचा.

पाणी खरंच बुटातून येतंय का, हे आधी पक्कं करा. बोट पाण्यात असेल तर तळ कोरडा पुसून घ्या आणि मागच्या फळीच्या आतल्या बाजूला, इंजिनाखाली, कोरडी रांगोळी भुरभुरा. इंजिन बंद ठेवून तासभर थांबा. पाण्याचा ओघळ रांगोळीत रेघ काढतो, ती रेघ वर शोधत जा. बोट नुसती उभी असताना पाणी येत असेल तर बूट, फळीचं सील किंवा तळाचं बूच. इंजिन चालू असतानाच येत असेल तर पाण्याचे होज आणि एक्झॉस्टकडे बघा. हे तास-दीड तासाचं काम आहे, पण याशिवाय ड्राइव्ह उतरवणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही.

ड्राइव्ह काढण्याआधी बॅटरीची तार सोडा. पेट्रोलची बोट आहे, तळात वाफ साचलेली असू शकते. इंजिनाचं झाकण उघडून हवा खेळू द्या, बिडी-सिगारेट लांब. अल्फा असेल तर गिअर फॉरवर्डमध्ये टाका, न्यूट्रलमध्ये काढलात तर आतला शिफ्टचा भाग अडतो. (ब्रॅव्हो ड्राइव्हला उलट, न्यूट्रल लागतो. म्हणून आधी ड्राइव्हवरचा नंबर वाचा.) ट्रिमच्या दोन सिलिंडरांची मागची पिन काढा. मग बेल हाउसिंगवरचे (ड्राइव्ह ज्यावर बसतो त्या फळीकडच्या घरावरचे) सहा नट, ५/८ इंचाचा गोटी पाना लागतो, सोळाचा लावून कडा मारू नका. सहाही एकदम काढू नका, दोन नट दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे ड्राइव्ह सुटला तरी अंगावर येणार नाही. वजन सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त आहे. चेनकप्पी नसेल तर ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिकला पट्टा बांधून मी कितीदा काढलाय. फक्त ट्रॅक्टर चालवणारा शहाणा असावा.

ड्राइव्ह सरळ मागे ओढायचा. इथे थोडं थांबा आणि काय बाहेर येतं ते बघा. बूट धड असेल तर आतून ग्रीसचा वास येतो आणि हाताचं बोट फिरवलं तर कोरडं लागतं. गेल्या साली मी एक ड्राइव्ह ओढला, तर कात कालवल्यासारखं तांबडं पाणी भळभळ बाहेर आलं. क्रॉसचा एक कप हातात धरून हलवला तर आतल्या सुयांची पूड झालेली. मालक म्हणाला, "आवाज येत होता जी, पण मले वाटे पंख्याचा असन." वळताना घुर्रर्र असा आवाज येतो तो क्रॉसचा किंवा जिंबल बेअरिंगचा. तो ऐकू आला म्हणजे पाणी आत शिरून बरेच दिवस झाले.

जिंबल बेअरिंग म्हणजे फळीतल्या भोकाच्या तोंडाशी बसलेलं मोठं बेअरिंग. त्याच्या आतल्या कड्यात बोट घालून हळू फिरवा. वाळूसारखी खरखर लागली किंवा अडकत फिरलं तर बदला, त्यात ग्रीस भरून वाचवू नका. ते काढायला सरकत्या हातोड्याचा पुलर लागतो. छिन्नीने ठोकून काढलंत तर अ‍ॅल्युमिनियमच्या घराला व्रण पडतात. नवं बसवताना बाहेरच्या कड्यातलं ग्रीसचं भोक घरातल्या ग्रीसच्या वाटेसमोर आलं पाहिजे, नाहीतर पुढे ग्रीस गन मारून मारून हात दुखतील आणि बेअरिंग उपाशी राहील.

आता बूट. मोठा बूट बेल हाउसिंग न काढताही कसाबसा बसवता येतो, आणि घाईत मीही बसवलेत. पण तो पुढच्या काठावर सगळीकडून नीट चढलाय की नाही हे दिसत नाही, आणि केबलचा बूट तर तसाच राहतो. बेल हाउसिंग काढायला दोन्ही बाजूंच्या बिजागरीच्या पिना उलगडाव्या लागतात. त्याला खास षटकोनी हत्यार लागतं. मी माझं लेथवर करून घेतलंय. तुमची बोट खाऱ्या पाण्यातून आलीय, पिना गंजून बसलेल्या असतील. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सकाळी हलकी उष्णता देऊन प्रयत्न करा. उष्णता बूट-केबल काढल्यावर आणि पेट्रोलपासून लांब, हे सांगायला नको.

जुना बूट निघाल्यावर ज्या काठावर तो बसतो तो काठ तार-ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. जुन्या चिकटाचा एक पापुद्रा जरी राहिला तरी तिथून पाणी वाट काढतं. निम्मा वेळ मी या एका कामाला देतो. मग काठ थिनरने पुसून कोरडा. अल्फाच्या यूजे बुटाला फळीकडच्या टोकाला बुटाचा खास चिकट लावायचा असतो: काठावर आणि बुटाच्या ओठाच्या आत पातळ थर, दहाएक मिनिटं थांबून बोटाला तारेसारखा चिकटू लागला की बूट दाबून बसवा. ओला असताना चढवलात तर तो साबणासारखा घसरतो आणि क्लिप आवळताना बूट तिरका होतो. काही बनावटीच्या ड्राइव्हना मात्र चिकट अजिबात नको, बूट कोरडाच चढतो. म्हणून तुमच्या नंबरचं पुस्तक काय म्हणतं ते बघूनच ठरवा. बुटावर 'वरची बाजू' अशी खूण असते, ती वरच ठेवा. क्लिपचा स्क्रू पुस्तकात दाखवलाय त्याच बाजूला. चुकीच्या बाजूचा स्क्रू ड्राइव्ह वळला की शेजारच्या नव्या बुटाला घासतो, आणि मग दोषी रबर ठरतं. क्लिपखाली धातूची बारीक पट्टी असेल तर ती हरवू नका. ती विजेची जोडणी आहे, गंज रोखण्यासाठी.

क्लिपा आपल्या पाण्याच्या पाइपच्या चालतील का, असं प्रत्येक जण विचारतो. स्टेनलेसच्या, स्क्रूसकट स्टेनलेस असतील तर रुंदी जुळवून चालतील. बाजारातल्या पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा लोखंडी असतो. चुंबक लावून पाहा, स्क्रू घट्ट चिकटला तर तो परत करा.

ड्राइव्ह परत लावण्याआधी अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते पाहायचा दांडा, मागून घ्या, कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम. तो जिंबल बेअरिंगमधून आत इंजिनाच्या कपलरपर्यंत (शाफ्ट इंजिनाला जिथे जोडतो तिथपर्यंत) दोन बोटांच्या जोराने गेला पाहिजे. अडत असेल तर इंजिनाचे पुढचे पाय वर-खाली करून जुळवा. जुन्या बोटीत फळीचं लाकूड कुजून इंजिन बसलेलं असतं. तेव्हा नवा बूट, नवं बेअरिंग घालूनही कपलर खाल्ला जातो. बोटीच्या फळीवर बाहेरून हातोडीचा दांडा वाजवत फिरा. टणटणीत आवाज असेल तर ठीक. ढब्ब आवाज आला तर बूट राहू द्या, आधी त्या लाकडाचं बघा.

शाफ्टवरच्या ओ-रिंगा नव्या, स्प्लाइनला (शाफ्टवरच्या दात्यांना) ग्रीस, बेल हाउसिंगचं गॅस्केट नवं. ड्राइव्ह आत सरकवताना स्प्लाइन अडली तर ढकलू नका, कुणाला तरी पंखा हळूच फिरवायला सांगा, आपोआप बसते. सहा नट आडवे-उभे आवळत ५० फूट-पाउंड, म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. मग ड्राइव्ह पूर्ण वर, पूर्ण खाली, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टॉर्च घेऊन बघा, कुठे काही घासतं का.

एवढा ड्राइव्ह हाताशी आलाच आहे तर पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलरही बदलून टाका. अल्फात ते ड्राइव्हच्या खालच्या भागात असतं, आणि काठावर पाण्याशिवाय कुणी 'जरा सुरू करून पाहू' म्हणालं असेल तर काही क्षणांत त्याची पानं गेलेली असतात.

आता तेल. ते चहासारखं होण्याचं सर्वात स्वस्त कारण म्हणजे तेलाच्या दोन स्क्रूंखालचे बारीक वॉशर. लोक तेच वॉशर वर्षानुवर्षं परत लावतात. आधी तेल काढा, वॉशर नवे टाका. मग हवेची चाचणी: तेलाच्या भोकाला गेज जोडून सायकलच्या पंपाने १० पीएसआयच्या आसपास दाब द्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावलात तर धड असलेलं सीलही उलटतं. साबणाचा फेस लावा, बुडबुडा कुठे येतो बघा.

माझा अंदाज, बुडबुडा पंख्यामागे येईल. गोसीखुर्द असो की नवेगाव बांध, सगळीकडे ढिवर बांधवांची तंगुसाची जाळी लावलेली असतात. तुटका तंगूस पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळतो, गरम होऊन सीलच्या ओठात घुसतो आणि सुरीसारखा कापतो. पंखा काढलात की तिथे हिरवट चेंडू सापडतो. तिथे दोन सील पाठीला पाठ लावून असतात. एकाचा ओठ आत, तेल अडवायला, दुसऱ्याचा बाहेर, पाणी अडवायला. दोन्ही एकाच दिशेने बसवून आलेले ड्राइव्ह मी पाहिलेत. नवं सील घालण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. नखाला खाच लागली तर सील थोडं पुढे-मागे बसवून ओठ नव्या जागी आणा, आणि खाच खोल असेल तर शाफ्ट बदला. पंखा महिन्यातून एकदा काढून बघायची सवय लावा. जाळ्यांमधून वाट काढताना गिअर न्यूट्रलला टाकून वल्ही मारा. त्यात ढिवरांचं नुकसानही वाचतं आणि तुमचं सीलही.

पंख्यामागे बुडबुडा नसेल तर यूजे बुटाच्या आतल्या शाफ्टचं सील बघा. बूट पाण्याने भरलेला असताना ते थकलेलं असलं तर तेच पाणी तेलात जातं. मग तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघेल. नवं तेल खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते.

मुंबईची बोट आहे म्हणून ड्राइव्हवरचे अ‍ॅनोड, म्हणजे गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, तेही बघा. जस्ताचे असतील तर गोड्या पाण्यात त्यांच्यावर थर चढतो आणि ते काम करत नाहीत. आपल्या तलावांना मॅग्नेशियमचे लावा. आणि काठाची बेशरमची झुडपं तोडून जेट्टी करा, तिच्या फांद्यांनीही बुटांना भोकं पाडलेली पाहिलीत.

पाण्यात उतरवल्यावर पहिले दोन तास बोट नुसती बांधून ठेवा, इंजिन सुरू न करता, आणि रांगोळी परत भुरभुरा. कोरडी राहिली तर तुमच्यातल्या दोघांनीच, जॅकेट घालून, काठाकाठाने अर्धा तास फिरवा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवत. परत रांगोळी. तेलाचा वरचा स्क्रू दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून थेंब बोटावर घ्या. हे सगळं झाल्यावर पर्यटक.

जुना बूट फेकू नका. मधून उभा कापून उघडा आणि आतल्या-बाहेरच्या घड्यांचे फोटो मला पाठवा. चिरा बाहेरून आत गेल्या असतील तर ऊन, आतून बाहेर आल्या असतील तर क्रॉस घासलाय, आणि मग मी सांगितलेला अर्धा हिशोब बदलतो.